तोरणमाळला दोन दिवस चालायचंय? मग आधी उताराचा हिशोब करा

ताई, तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून तोरणमाळला दोन रात्री मुक्कामी जायचंय, सोबत पासष्टीच्या आई, अकरा वर्षांचा मुलगा आणि मिस्टर, आणि गाडीतून उतरून पॉइंटवर फोटो काढून परत गाडीत बसायचं नाहीये, पायी फिरायचंय. मग कुठं चालावं, वाटाड्या लागतो का, आईंना जमेल का, आणि दिवाळीत काही बघायला राहतं का की पावसाळ्यातच जायला पाहिजे होतं. मी शहाद्याचा, सातपुड्यात लोकांना घेऊन पायी फिरणं हेच माझं बरीच वर्षं चाललंय, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊनच बसा.

आधी ती गोष्ट सांगतो जी नाशिक-पुण्याकडच्या मुरलेल्या ट्रेकर लोकांच्या पण पटकन ध्यानात येत नाही. किल्ल्यावर आपण पायथ्यापासून वर जातो, दमलो की मागं फिरायचं, परतीला उतारच असतो, कसंबसं का होईना माणूस खाली पोचतो. तोरणमाळचं उलटं आहे. गावच वर आहे, साधारण ११५० मीटरवर, म्हणजे पावणेचार हजार फुटांच्या आसपास, पठार आणि पठारावर तलाव, आणि कडेला गेलं की कडे नाहीतर दऱ्या. म्हणजे पठार सोडून कुठंही निघालात की आधी उतार लागतो, सकाळची वेळ, गार हवा, पोरगं उड्या मारत पुढे, सगळे खूश, आणि चढ कधी येतो तर परतताना, दुपारी, ऊन डोक्यावर, बाटल्या रिकाम्या, पोट भरलेलं. तोरणमाळला लोक रडकुंडीला येतात ते इथंच. उतरायला पाऊण तास लागला तर चढायला दीड तास धरायचा, आई सोबत असतील तर दोन. पाण्याचं पण तसंच, निम्मं संपल्यावर वळायचं हा हिशोब इथं चालत नाही, बाटलीतलं एक तृतीयांश संपलं की वळा, मग समोरची वाट कितीही सुंदर दिसू दे. एवढं एक पाळलंत तर बाकी मी खाली सांगतोय त्यातलं निम्मं विसरलात तरी काही बिघडणार नाही.

आता दिवाळीचं. उलट तुम्ही बरोबर वेळ निवडलीय. जुलै-ऑगस्टला सगळी गर्दी धबधब्यांसाठी येते आणि निम्मी पब्लिक पांढरं धुकं बघून परत जाते, धुकं इतकं की सीताखाईच्या कठड्याशी उभं राहून खाली पाणी कोसळल्याचा आवाज येतो आणि दिसत काही नाही. ज्यांना धुक्यातच फिरायचंय त्यांनी खुशाल यावं, त्याची मजा वेगळीच आहे, पण पायवाटा तेव्हा शेवाळलेल्या असतात, काळा दगड ओला झाला की बूट कितीही महागडा असू द्या पाय सटकतोच, आणि घाटात दरड येते ते वेगळंच. दिवाळीच्या सुमाराला परतीचा पाऊस आटोपलेला असतो, हवा धुतलेली, लांबच्या रांगा स्पष्ट, गवत कमरेइतकं आणि सोनेरी व्हायला लागलेलं, ओढ्यांना पाणी अजून टिकून असतं. डिसेंबर-जानेवारीत थंडी भयंकर, कधीकधी पहाटे गवतावरचं दव गोठलेलं सापडतं, तेव्हा यायचं तर स्वेटरवर अजून एक काहीतरी पाहिजेच. फेब्रुवारी-मार्चला पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, जंगल निष्पर्ण असतं त्यामुळे पक्षी दिसायला तोच काळ सगळ्यात भारी. फक्त महाशिवरात्रीच्या आठवड्यात शांत चालायला म्हणून येऊ नका, गोरक्षनाथाची मोठी यात्रा असते, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश तिन्हीकडून लोक येतात, कित्येक जण पायीच. यात्राच बघायची असेल तर जरूर या, पण मग ती यात्रा म्हणूनच बघायची.

येताना अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने या, चोपडा, शिरपूर, शहादा. हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने जातो, उजव्या हाताला डोंगर सोबतीला असतो आणि डावीकडे तापीकाठची केळी, कापूस, ऊस. शहाद्यात पेट्रोल भरून घ्या, रोख पैसे काढून घ्या, वर गेल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही आणि नेटवर्क नाही म्हणजे फोनने पैसे देणं पण नाही. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. रेल्वेने यायचं झालं तर नंदुरबार, सुरत-भुसावळ लाईनवरच आहे, तिथून शहादा आणि पुढे एसटी आहे, पण तोरणमाळ एसटीची वेळ शहादा स्टँडवर विचारूनच ठरवा, कोणी लिहून ठेवलेल्या वेळेवर विसंबू नका. आणि अंधार पडायच्या आत वर पोचा. घाट अरुंद आहे, वळणं आवळलेली आहेत, सात पायरी म्हणतात तो भाग दिवसा बघायचा असतो, रात्री त्यातलं हेडलाईटपुरतंच दिसतं.

घाटातच नागार्जुन आणि मच्छिंद्रनाथाची गुफा लागते. हे लोक जाताजाता पंधरा मिनिटांत उरकतात. मी म्हणेन वर जाताना थांबू नका, परतीच्या दिवशी ठेवा, कारण पोचायच्या दिवशी सगळ्यांचं अंग गाडीत आंबलेलं असतं आणि आईंचे गुडघे बसून बसून धरलेले असतात, त्यात एकदम पायऱ्या आणि उतार नको. पहिल्या दिवशी सामान टाका, चहा घ्या आणि संध्याकाळी फक्त यशवंत तलावाला फेरी मारा.

ही फेरी आईंची. जमीन जवळपास सपाट, रमतगमत तास-सव्वा तासाचं काम, वाटेत कुठंही बसता येतं आणि दमल्या तर आल्या वाटेने परत. लोक बोटिंगच्या बाजूलाच गर्दी करून असतात, तुम्ही पलीकडच्या काठाने जा. पाण्यात टिबुकली दिसेल, एवढीशी असते, बघता बघता बुडी मारते आणि भलतीकडेच वर निघते, मुलाला सांगा ती कुठून निघेल ते आधी ओळखायचं, अर्धा तास शांत जाईल. हीच फेरी दुसऱ्या दिवशी पहाटे परत करा, उजाडायच्या आत. पाण्यावर वाफ असते, बायका हंडे घेऊन निघालेल्या असतात, गुरं सुटायची असतात, तेवढ्या वेळात तोरणमाळ हे पर्यटनाचं ठिकाण कमी आणि गाव जास्त असतं. आणि पावरा-भिल्ल लोकांच्या गावातून चाललोय हे लक्षात ठेवून चाला, दिसेल त्या घराचा, म्हाताऱ्या बाईचा, पोरांचा फोटो काढत सुटू नका, आधी विचारा, आणि पोरांना चॉकलेटं वाटू नका, त्यांना मग प्रत्येक गाडीमागं पळायची सवय लागते.

दुसरा दिवस खरा चालायचा. सकाळी कमळ तलावावरून सीताखाईकडे पायीच जा. लोक जीप करतात, काही गरज नाही. वाट पठारावरूनच आहे, थोडा चढ-उतार आहे पण दम काढणारा नाही, मधे शेतं लागतात, मोहाची जुनी झाडं आहेत, आवळा, चारोळी, टेंभुर्णी. आईंना यायचं असेल तर जाताना चालू द्या आणि परत न्यायला गाडी बोलवून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. सीताखाई म्हणजे जमीन चालता चालता संपते आणि समोर एकदम दरी उघडते, लोक सांगतात सीतामाई इथंच धरणीच्या पोटात गेली. पाऊस बरा झाला असेल तर दिवाळीपर्यंत पाण्याची धार असते, नसेल तर नुसता काळा कडा, आणि मला विचाराल तर तो कडाच जास्त बघण्यासारखा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात, मधे मधे लालसर मातीची पट्टी, प्रत्येक थर म्हणजे एक वेगळा लोंढा. ऊन तिरपं असताना ते थर मोजता येतात, दुपारी बाराला सगळं सपाट दिसतं, म्हणून सकाळीच जा.

कड्याशी वागायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो. काठावरचं गवत कुठं संपतं आणि जमीन कुठं संपते या दोन वेगळ्या जागा असतात, दिवाळीच्या उंच गवतात तर हा फरक दिसतच नाही. काठापासून माणूसभर अंतर ठेवून बसा, डोकावायचंच असेल तर पोटावर झोपून, आणि मुलाचा हात नाही, मनगट धरा. दुसरं म्हणजे आग्यामोहळं. असल्या कड्यांच्या कपारींना मोठमोठी पोळी लटकलेली असतात, काळी, हलती. सेंट-अत्तर मारून जाऊ नका, धूर करू नका, दरीत दगड भिरकावू नका, ओरडून प्रतिध्वनी ऐकायची हौस तर अजिबात नको. एखादी माशी डोक्याभोवती घोंघावायला लागली तर हात न हलवता शांतपणे मागं यायचं, आणि थवाच उठला तर तोंड-डोकं ओढणीने झाकून गवतातून नाही तर मोकळ्या वाटेने लांब पळायचं, मरून पडल्याचं सोंग करून उपयोग नाही. दिवाळीत फटाके घेऊन येणारे बहाद्दर असतात, त्यांच्यापासून तर दोन कोस लांब राहा.

दुपारी जेवून आराम. चारच्या आसपास खडकी पॉइंटकडे निघायचा विचार येईल, पण ती चाल जरा लांबची आहे, आणि त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, अंधार दरीतून वर चढत येतो. म्हणून खडकी तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, मिस्टर आणि मुलगा जाऊ दे, तुम्हाला दम असेल तर तुम्ही पण, आई तलावावर बसतील. तिथून रांगांमागे रांगा दिसतात, जवळची हिरवी, मागची निळी, त्यामागची राखाडी. सातपुड्याची ही धार म्हणजे पाण्याची वाटणी आहे, उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस नर्मदेला जातो आणि दक्षिणेचा गोमाईसारख्या नद्यांमधून तापीला, गोमाई तुम्हाला येताना शहाद्यात लागलीच असेल, ती पुढे प्रकाशाला तापीला मिळते. मुलाला भूगोलाच्या पुस्तकातला जलविभाजक पाठ असेल पण त्यावर पाय देऊन उभं राहायला थोडंच मिळतं.

आता वाटाड्या. तलावाला नको, सीताखाईला तसा नको, खडकीला आणि पठार सोडून खाली उतरणाऱ्या कुठल्याही वाटेला घ्याच. कारण जंगलात वाट नसते असं नाही, वाटा फार असतात. गुरांची, लाकडाची, पाण्याची, पाड्यावरून पाड्यावर जायची, सगळ्या सारख्याच दिसतात आणि फोनच्या नकाशात यातली एक पण नसते. गावात चहाच्या टपरीवर किंवा जिथं मुक्काम आहे तिथं विचारा, पोरं तयार असतात, पैसे आधीच बोलून घ्या, आणि घासाघीस करू नका, त्याचा अर्धा दिवसाचा रोज बुडतो. त्याचं जेवण तुमच्यासोबत धरा. एक गंमत सांगतो, तो ‘इथंच आहे, जवळ’ म्हणाला तर ते त्याच्या पायाने जवळ असतं, तुमच्या पायाने त्याचं दुप्पट-तिप्पट करा. अंतर विचारूच नका, ‘सकाळी निघालो तर जेवायला घरी येऊ का’ असं विचारा, उत्तर बरोबर मिळतं.

वाटाड्या असला तरी एक सवय मुलाला लावा. फाटा आला की थांबायचं, वळून मागं बघायचं, कारण परतताना तोच फाटा आपल्याला उलट बाजूने दिसणार असतो आणि तो अजिबात तसा दिसत नाही. एखादी खूण धरायची, वाकडं झाड, पांढरा दगड, आणि मागच्या बाजूने फोटो काढायचा. लोक फोटो पुढचा काढतात आणि हरवतात मागचं.

मिस्टरांना खाली दरीत उतरायचंच असेल तर रानातली माणसं पाणी कुठनं घेतात ते बघायला मिळेल. ओढ्याच्या काठाला वाळूत हातभर खड्डा केलेला असतो, त्याला झिरा म्हणतात, ओढ्याचं पाणी गढूळ असलं तरी वाळूतून गाळून झिऱ्यात स्वच्छ येतं, थोडं थोडं साचतं, वाटीने भरून घ्यायचं. त्यात पाय घालू नका, हात धुवू नका, तो कोणाच्या तरी घरचा माठ आहे. तुम्ही मात्र पाणी वरूनच न्या, माणशी दोन लिटर, आईंना सोडून.

मुलासाठी एक खास गोष्ट राखून ठेवलीय, आणि ती वर नाही, पायथ्याला आहे. वनपिंगळा. हा घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी, १८७२ मध्ये पहिल्यांदा सापडला, ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला, म्हणून शास्त्रीय नावात ब्लेविट आहे. मग मोजकेच नमुने मिळाले, शेवटचे आपल्या खान्देशातून, जेम्स डेव्हिडसन म्हणून इंग्रज अधिकारी होता त्याने गोळा केलेले, १८८४ पर्यंतचे. त्यानंतर पक्षी गायबच. मधे मेनेर्ट्झहागेन नावाच्या कर्नलसाहेबाने सांगितलं की मला १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला, लोकांनी ते खरं धरलं. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने नीट तपासले तर कळलं की साहेबांनी डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून, नवीन पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावली होती. म्हणजे त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणं फुकटच होतं. मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, सकाळच्या उन्हात एका उघड्या फांदीवर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. जगातले लोक ज्याला संपला म्हणत होते तो आमच्या लाकूडफाट्याच्या जंगलात दिवसाढवळ्या बसलेला होता. नंतर मेळघाटात, यावलला, ठाण्याकडे तानसात पण सापडला, पण मान पहिला शहाद्याचाच.

हा बघायला पहाटे उठून अंधारात जायची गरज नाही, तो दिवसा वावरतो, सरडे-पाली खातो, सकाळी पानगळ झालेल्या सागाच्या टोकावर ऊन खात बसतो आणि शेपटी झटकत राहतो. घोळ एकच होतो, आपल्या गावात पडक्या घरात असतो तो ठिपकेवाला पिंगळा आणि हा दिसायला भाऊ भाऊ. ओळखायचं असं, गावातल्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके भरपूर, वनपिंगळ्याचं डोकं-पाठ जवळपास कोरी, तपकिरी, छातीवर गडद तपकिरी पट्टा, शेपटीवर ठळक आडवे पांढरे पट्टे, आणि पंजे अंगाच्या मानाने फारच दांडगे. वन खात्याच्या ऑफिसला विचारून, परवानगी घेऊन, पक्ष्यांची माहिती असलेल्या स्थानिक माणसासोबतच जा. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवणारे लोक आहेत, ते करू नका, तो बिचारा आपल्या हद्दीत कोण घुसला म्हणून सगळं सोडून धावत येतो, पिल्लांचा घास राहतो बाजूला. आधीच पायथ्याचं सपाट जंगल शेतीखाली जाऊन पट्टे पट्टे उरलंय. दिवाळीत सागाला पानं असतात त्यामुळे दिसेलच असं नाही, नाही दिसला तर मुलाला फेब्रुवारीत परत आणा.

त्याच पायथ्याला दरा गावाजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे, परतीला चालून चालून पाय आंबले असतील तर तिथं थांबा, आईंना आवडेल. चोपड्याकडे अडावदजवळ पण एक उनपदेव आहे, नावाने गोंधळू नका.

जनावरांचं विचारलं नाहीत पण मनात असेलच. बिबट्या आहे, पण तो जंगलापेक्षा शहाद्याच्या उसातच जास्त ऐकू येतो. अस्वलाचा मात्र मान ठेवावा, विशेषतः मार्च-एप्रिलला मोह पडतो तेव्हा. मोहाचं फूल रात्रीतून गळतं, पहाटे झाडाखाली पिवळट पांढरा सडा असतो, फूल मांसल, आतून पोकळ, बोटाला चिकटतं, गोड वास इतका दाट की लांबूनच झाड कळतं, आणि तो वास माणसाला येतो तसा अस्वलाला पण येतो. तेव्हा पहाटे एकटं मोहाखाली जायचं नाही, बोलत बोलत जायचं. दिवाळीला ही भानगड नाही. दिवाळीला भानगड गवताची. कुसळं मोज्यात घुसतात आणि दिवसभर टोचतात, गोचीड पण चढते, म्हणून जाड पँट, मोज्यात खोचलेली, आणि रूमवर आलं की मुलाचे काखा, जांघा, कानामागे बघून घ्या. घोणस, फुरसं दगडांत असतात, दगडावर बसायच्या आधी काठीने ठोका, हात कपारीत घालू नका, बास, त्यापलीकडे साप स्वतःच लांब जातो.

मिस्टरांनी अस्तंभ्याचं विचारलंय. अस्तंभा तोरणमाळच्या फिरण्यात बसणारच नाही, तो वेगळा डोंगर, तळोद्याकडून कोठार बाजूने जायचं, उंची १३०० मीटरच्या पुढे. धनत्रयोदशीला तिथं अश्वत्थाम्याची यात्रा भरते, लोक रात्री-अपरात्री चढतात, झेंडे घेऊन, घोषणा देत. अश्वत्थामा अजून सातपुड्यात फिरतो, कपाळाच्या जखमेला तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाटेला लावतो असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. शेवटचा टप्पा उभा आहे, गर्दीत दगड निसटतात. तिथं मुलाला नेऊ नका. मिस्टर रोज चालत असतील, दोन-चार किल्ले झाले असतील, तर तळोद्याच्या एखाद्या नेहमी जाणाऱ्या जथ्थ्यासोबत जाऊ देत, पण सुट्टीतले दिवस वेगळे धरून, तोरणमाळला जोडून नाही. पायात दोन दिवसांचा थकवा घेऊन अस्तंभा चढायचा नसतो.

आणि जळगावकर आहात तर सराव तोरणमाळलाच कशाला, दोन-तीन रविवार घराजवळ चाला. यावल तालुक्यात आडगावजवळची मनुदेवी सोपी आहे, दरीत मंदिर, पावसाळ्यात वरून धबधबा, पण तेव्हा ओढ्याला अचानक पाणी वाढतं ते बघून. रावेर तालुक्यातलं पाल, सुकी नदीचा काठ, यावल अभयारण्याचं जंगल, आईंना घेऊन जाण्यासारखं. आणि खरा सराव पाहिजे तर चाळीसगावची पाटणादेवी. तिथून गौताळा अभयारण्यातून केदारकुंड, धवलतीर्थ आणि दमदार असाल तर पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत चढता येतं. दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी, हत्ती कोरलेले, आणि बहुतेक लोक ती वरून कन्नडच्या बाजूने गाडीने येऊन बघतात, खालून पाटण्याच्या दरीतून चढत जाऊन लेणी समोर येतात तेव्हाची गोष्टच वेगळी. पाटण्यालाच १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचं गणित शिकवायला मठ काढला त्याची नोंद. ही चाल सकाळी सातला सुरू करून दुपारच्या जेवणाला खाली येऊन बघा, आई कुठपर्यंत येतात, मुलगा कधी कुरकुरायला लागतो, तुमचा गुडघा उताराला काय म्हणतो, सगळं तिथं कळतं. तिथं चढ आधी आणि उतार नंतर आहे, म्हणजे चूक झाली तरी अंगाशी येत नाही.

आईंच्या गुडघ्यांबद्दल, डॉक्टरांना विचाराच, पण माझ्या अनुभवात चढ त्रास देत नाही, उतार देतो. काठी घ्या, दोन असल्या तर उत्तम, बांबूची गावात मिळेल, उतरताना काठी आधी टेकवायची मग पाऊल, पावलं छोटी, आणि सरळ न उतरता नागमोडी. नवीन बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि घरात घालून फिरा, दुकानातून थेट तोरणमाळला घातले की संध्याकाळी टाचेला फोड ठरलेला. चालताना वेग असा ठेवा की बोलता बोलता चालता येईल, सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढे आणि तुम्ही सगळ्यात मागं.

राहायला पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट आहे, वन खात्याचं विश्रामगृह आहे, दिवाळीत खोली मिळेलच या भरवशावर येऊ नका, आधी बुक करा. खायला वर फार हॉटेलं नाहीत, आणि आहेत ती ऑर्डरप्रमाणे रांधतात, म्हणून रात्रीचं जेवण दुपारीच सांगून ठेवा, ज्वारीची भाकर, शेवभाजी, ठेचा, कांदा सांगा, पनीरच्या नादी लागू नका. चालायच्या दिवशी डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घ्या, दुपारपर्यंत टिकतात आणि प्लास्टिकची पाकिटं होत नाहीत. माणशी एक बॅटरी ठेवा, फोनची नाही, वेगळी, कारण फोन नेटवर्क शोधून शोधूनच संध्याकाळपर्यंत मान टाकतो. तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की इथंच कळवा, पाऊस कसा झाला त्यावरून सीताखाईला पाणी असेल का आणि खालची कुठली वाट मोकळी झालीय ते तेव्हा सांगतो.